बोळकांडीतलं दार

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातला, गाव म्हणजे काय, गावाच्या खालच्या अंगाला नाला आणि नाल्याच्या पलीकडे आमची वस्ती, आम्ही बौद्ध. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते ज्या शाळेत शिकले तिथं त्यांना वर्गात बसू देत नसत, दाराबाहेर व्हरांड्यात बसायचे ते, आणि गुरुजी त्यांची पाटी तपासून झाली की उंबऱ्यावर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. बाबा हे कधी रडून सांगत नसत, असं सांगायचे की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे, पण शेवटी एक वाक्य हमखास म्हणायचे, सुजाता, कुणाच्या उंबऱ्यावर थांबायचं नाही आणि आपल्या उंबऱ्यावर कुणाला थांबवायचं नाही. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते सगळं उंबऱ्यावरच झालं.

मी बी.एड. केलं नागपूरला, तिथंच मिलिंद भेटला. तो इंजिनिअर, बोलघेवडा, घरात चार माणसं बसलेली नसली तर त्याला जेवण जायचं नाही. लग्नानंतर त्याला कंपनीनं इंग्लंडला पाठवलं, रीडिंगला, दोन हजार सालाच्या आगेमागे तिकडं सगळी आपलीच पोरं, पुण्याची, मुंबईची, नागपूरची. शनिवारी आमच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, शेजारच्या मेडनहेड गावाहूनसुद्धा मित्र यायचे, कुणी सोफ्यावर, कुणी जमिनीवर, खालचा शेजारी छताला काठीनं ठोकायचा आणि मिलिंद म्हणायचा, पाहा, त्यालाही यायचंय, बोलवा रे त्याला. मी तिथंच शिक्षिकेचा कोर्स केला आणि प्रायमरी शाळेत लागले. दिवस चांगले होते. मग त्याला एक ताप आला, साधाच वाटला, पण तो हृदयाच्या स्नायूला लागला. डॉक्टर म्हणाले धावपळ बंद, ट्रेन बंद, ताण बंद. नोकरी गेली म्हणा, सोडली म्हणा. लीड्सला माझी मावसबहीण आहे, ती म्हणाली इकडं या. पण मिलिंदनं वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली, स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटं आहेत, त्यातल्या एकावरच्या छोट्या शाळेला शिक्षिका हवी, राहायला घर शाळेला लागूनच. मला म्हणाला, काय वं, तू आयुष्यभर शिकवत आलीस, मी आयुष्यभर खिडकीबाहेर पार्किंग पाहत आलो, आता जरा समुद्र पाहू दे.

मी अर्ज केला, नोकरी मिळाली. तर शाळा सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, नवीन शिक्षकांना बेटावरच्या मोठ्या गावात एक दिवस बसवून सगळं समजावतात. तिथली मूळ भाषा गॅलिक, इंग्रजीहून अगदी वेगळी. पूर्वी जमीनदारांनी लोकांना हाकलून त्या जागी मेंढ्या ठेवल्या, गावंच्या गावं ओस पडली, भिंती अजून उभ्या आहेत. शाळा आल्या त्या इंग्रजीच्या, भाषा हळूहळू मागं हटली, आता पुन्हा शाळेत शिकवायला सुरुवात झालीये. रविवारी कुणी काम करत नाही, दोरीवर कपडे वाळत घालू नका, लोकांना आवडत नाही. हे सगळं सांगितलं आणि ते खरंच होतं, मी लिहून घेतलं. फक्त दाराचं कुणी काही सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ठाऊक नसावं.

घर दगडी होतं, शाळेच्याच भिंतीला चिकटून बांधलेलं, जुन्या काळी मास्तरांसाठी. पुढचं दार रस्त्याकडे. आणि मागं स्वयंपाकघरातून शाळेत जायला एक बोळकांडी होती, अरुंद, खिडकी नाही, दोन्ही टोकांना दारं, आणि भिंतीवर माझ्या कमरेच्या उंचीला लोखंडी खुंट्या. मी त्यावर पिशव्या अडकवायची. पावसापाण्यात बाहेर न पडता वर्गात जाता येतं म्हणून मला ती बोळकांडी फार सोयीची वाटली होती.

लोक वाईट नव्हते हो. पहिल्याच आठवड्यात दारात बटाट्यांची बादली, दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी आणि पिशवीत दोन मासे, भिंतीशी कुणीतरी पीट रचून गेलेलं, पीट म्हणजे तिथली दलदलीची माती, कापून वाळवून जाळतात, आपल्या गोवऱ्या जळतात ना तसा वास, मिलिंदला तो वास आला आणि त्याचे डोळे भरून आले. समोरच्या टेकडीवर मर्डो नावाचे म्हातारे राहायचे, मी त्यांच्याकडे गेले आणि दार वाजवलं तर आतून ओरडले, कोण आहे, पोलीस आहे का, पोलीस नसशील तर आत ये. मग कळलं, इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. सरळ आत शिरायचं, किटली स्वतःच ठेवायची, मांजराला खुर्चीवरून उठवायचं आणि बसायचं. मिलिंद इतका खूश झाला, म्हणाला, सुजाता, हे तर आपलंच गाव निघालं, आता बघ घर कसं भरतं ते.

नाही भरलं. काय सांगू तुम्हाला, एकही माणूस आत आला नाही. मिलिंदनं पोहे करायचे, चहा टाकायचा, दार सताड उघडं ठेवायचं, वारा असा की पडदे आडवे व्हायचे. लोक फाटकापर्यंत यायचे. हसून बोलायचे, त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे, पावसात भिजत उभे राहायचे. तो म्हणायचा, अहो मर्डो, आत या, चहा झालाय. मर्डो म्हणायचे, नको रे बाबा, माझे बूट खराब आहेत. तो म्हणायचा, बूट काढा. ते म्हणायचे, मोजे त्याहून खराब आहेत. आणि हसत हसत निघून जायचे, समोरच्या घरात, जिथं बुटांसकट सगळं गाव शिरायचं. मिलिंद दोन माणसांचे पोहे पुन्हा डब्यात भरायचा. डॉक्टरांनी त्याला चढउतार करायला मनाई केली होती, दुसऱ्यांच्या घरी जायचं तर टेकडी चढावी लागायची, म्हणजे माणसांनीच त्याच्याकडे यायला हवं होतं, आणि तेवढंच तो मागत होता. मला म्हणायचा, औषधं ठीक आहेत गं, पण माणसं आली पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, लाजत असतील, परके आहात. पण मी परकेपणा ओळखते, रीडिंगला पाहिला होता, त्यात माणूस वस्तू आणून ठेवत नाही. हे वेगळं होतं. द्यायचं, प्रेमानं द्यायचं, पण उंबऱ्यावर ठेवून द्यायचं. आमच्या घरात चार पिढ्यांनी जे ओळखलंय ते मी ओळखणार नाही का? मिलिंदला म्हटलं तर तो म्हणाला, अगं, इथं कुणाला आपली जात काय माहीत, त्यांना नागपूर आणि नायजेरिया एकच. मी म्हटलं, मग ताट उंबऱ्यावर का येतं?

ताटाचं सांगते. शाळेत मुलांचं जेवण बनवायला केटी ॲन नावाच्या बाई होत्या, साठीच्या, ठेंगण्या, हात सतत कामात, तोंडही. मुलांना म्हणायच्या, गाजर खा नाहीतर अंधारात तुझी मेंढी तुला ओळखणार नाही. त्यांना मिलिंदची फार काळजी, म्हणायच्या, तुझा नवरा म्हणजे कपडे वाळत घालायची काठी आहे. म्हणून रोज दुपारी त्याच्यासाठी सूप आणि पाव आणायच्या. तर एक दिवस मी वर्गातून पाहिलं. त्यांनी बोळकांडीचं शाळेकडचं दार उघडलं, खाली वाकल्या, हात लांब करून ताट आत जमिनीवर सरकवलं, पाऊल आत टाकलं नाही, हाक मारली, मिलिंद, तुझं जेवण, आणि दार ओढून घेतलं, घाईनं, जसं काही आतून कुणी हात धरेल.

मी ते पाहिलं आणि मला माझ्या बाबांची पाटी दिसली. मी त्या संध्याकाळी लीड्सला फोन केला, बहिणीला म्हटलं, तिकडच्या शाळेत बघ काही. मिलिंद ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, मी एक सांगू का, हसू नकोस. त्या बोळकांडीत कुणीतरी उभं असतं. मी म्हटलं, काहीतरी बोलू नको, आपण भूतबित मानत नाही. तो म्हणाला, मीही मानत नाही, म्हणून तर कुणाला सांगितलं नाही. दिवस मावळला की श्वास येतो, लहान माणसाचा, नाकातून, सर्दी झाल्यासारखा. तिकडं हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार होतो. मी उठले, दार उघडलं, माझ्या पिशव्या लटकत होत्या, दुसरं काही नव्हतं. मिलिंद मागून म्हणाला, आता तू गेलीस म्हणून थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी केटी ॲनना अडवलं. मुलं खेळायला गेली होती, त्यांच्या हातात ताट होतं. मी रागात होते, आणि त्या रागाचा मला हक्क होता असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, तुम्हाला आमच्या घराचा विटाळ वाटतो का, आम्ही काय खातो, काय आहोत, त्यानं तुमचे पाय बाटतील का? विटाळ म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता येत नाही, मी घाण हा शब्द वापरला. त्यांचा चेहरा पांढरा झाला. म्हणाल्या, घाण? तुझं घर? मग ताट ठेवलं आणि म्हणाल्या, खुंट्या पाहिल्यास ना तू, एवढ्या खाली का आहेत विचारलंस का कधी कुणाला?

त्यांच्या लहानपणी जो मास्तर होता तो मारायचा नाही. हे त्या दोनदा म्हणाल्या, मारायचा नाही तो, सभ्य होता. शाळेत गॅलिक बोलताना सापडलं की त्या बोळकांडीत उभं करायचा, कोट खुंटीला, तोंड भिंतीकडे, दोन्ही दारांना बाहेरून कडी. आतल्या दारातून मास्तरांच्या जेवणाचा वास यायचा. गावातल्या प्रत्येकानं तिथं उभं राहून काढलंय, मर्डोनं, मर्डोच्या बापानं, आणि घरी कुणी तक्रार करायचं नाही, कारण घरच्यांचीही हीच समजूत की इंग्रजी आलं तर पोरगं बोटीवर लागेल, शहरात जाईल, जगेल. केटी ॲन सहा-सात वर्षांच्या असतील. घरात इंग्रजीचा एक शब्द नाही. एका शुक्रवारी त्यांनी शेजारच्या मुलीला पेन्सिल मागितली, अर्थात आपल्या भाषेत. उभं केलं. आणि मास्तर विसरले. शाळा सुटली, शाळेला कुलूप लागलं, मास्तर आणि त्यांची बायको पुढच्या दारानं गाडीत बसून मोठ्या गावात गेले.

अंधार पडल्यावर गाव शोधायला निघालं, कंदील घेऊन, समुद्रावर आधी, कारण तिथं मूल हरवलं की आधी समुद्रच बघतात. आणि शाळेच्या भिंतीच्या बाहेरून तिचे वडील हाका मारत गेले, तिनं ऐकलं, भिंतीच्या इतक्या जवळून की त्यांचे बूट वाजताना ऐकू आले. मी विचारलं, मग तुम्ही ओरडला का नाहीत? केटी ॲन म्हणाल्या, ते गॅलिकमध्ये हाक मारत होते. गॅलिकमध्ये ओ दिली असती तर शिक्षा वाढली असती, आणि इंग्रजीत आपल्या बापाशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं.

सकाळी शाळा झाडायला आलेल्या बाईनं दार उघडलं. मास्तरांना कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून गावानं त्या घरात पाऊल टाकलं नाही, कुणी ठरवलं नव्हतं, पाय वळले नाहीत एवढंच. मास्तर गेले, दुसरे आले, तिसरे आले, सगळ्यांना वाटलं बेटावरचे लोक तुसडे आहेत, आणि ते वर्षा-दोन वर्षात निघून गेले. पोरांनी आईबापांचं पाहिलं, पोरांच्या पोरांनी पाहिलं, आता अर्ध्यांना कारणही माहीत नाही, फक्त फाटकाशी थांबायचं एवढं माहीत.

मी घरी येऊन मिलिंदला सांगितलं. त्यानं उठून बोळकांडीचं दार उघडलं, एका खुंटीवर हात ठेवला. मग म्हणाला, सर्दी झाली होती तिला, विचार तू. मी नाही विचारलं. माझं धाडस झालं नाही.

लीड्सला फोन करून नको म्हणून कळवलं. आणि मिलिंदनं एक काम काढलं. त्याला वजन उचलायला मनाई, पण तो म्हणाला स्क्रू उचलायला नाही. रोज थोडं थोडं करून त्यानं बोळकांडीची दोन्ही दारं काढली, बिजागऱ्यांवर रंगाचे थर बसले होते, खरवडून खरवडून, मध्येच थांबून दम खात, आणि शेवटचं दार निघालं तेव्हा ते धरायला मी होते. शाळेच्या हेडटीचर बघून गेल्या आणि कौन्सिलला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला, दार नादुरुस्त होतं म्हणून कळवलं. मग त्यानं तिथं दिवा लावला, एक खुर्ची ठेवली. म्हणाला, उभं राहायचं नाही इथं आता कुणी. केटी ॲन ताट घेऊन यायच्या, दार नसलेल्या त्या चौकटीपाशी थांबायच्या, तो खुर्ची बोळकांडीत ओढून तिथं बसून जेवायचा, त्या शाळेकडून, हा घराकडून, आणि दोघं तासभर गप्पा मारायचे. तो त्यांना म्हणायचा, केटी ॲन, एक पाऊल टाक ना, माझं सूप गार होतंय. त्या म्हणायच्या, तू जास्त बोलतोस म्हणून गार होतं. पण पाऊल नाही टाकलं. त्यानंही ओढलं नाही. मला म्हणाला, येतील गं. मी असेन नसेन.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. हॉस्पिटलात गेला, मोठ्या गावात, झोपेत. तिथली पद्धत अशी की शवपेटी घरी आणतात, पुरायच्या आधी माणूस आपल्या घरात असतो आणि संध्याकाळी गाव येऊन बसतं. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं मला विचारलं, घरी न्यायचं का, आणि विचारताना माझ्याकडे बघितलं नाही, त्यालाही ते घर माहीत होतं. मी म्हटलं, घरीच.

पेटी बैठकीत ठेवली, बुद्धाची मूर्ती जवळ ठेवली, मेणबत्त्या लावल्या. पुढचं दार उघडं ठेवलं. अंधार पडला, पाऊस होता. खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी गाव उभं, पुरुष टोप्या हातात घेऊन, बायका, पोरं, कुणी हलत नव्हतं. मी दारात जाऊन बोलवावं असं मनात आलं, पण मिलिंदनं बोलावून कुणी आलं नव्हतं, मी बोलावून काय येणार. मला वाटलं, हा माणूस सबंध आयुष्य घर भरायला बघत होता आणि आता असा एकटा जाणार.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. शाळेकडून. कुणीतरी बोळकांडीत शिरलं आणि मध्यावर थांबलं. श्वास ऐकू आला, नाकातून. मला खरं सांगते, मी जागची हलले नाही. आणि मग केटी ॲनचा आवाज आला, मोठ्यानं, जसा मी कधी ऐकला नव्हता, लहान मुलीसारखा, गॅलिकमध्ये. त्याचा अर्थ मला येत होता, कारण शेजारच्या गॅलिकच्या वर्गात रोज सकाळी हजेरीला मुलं तेच म्हणतात. मी इथं आहे.

बाहेर मर्डोंनी ते ऐकलं. मला वाटतं सगळ्यांनीच ऐकलं. फाटक वाजलं. ते आले, बुटांसकट, ओले, एकामागून एक, आणि घरात तेवढ्या खुर्च्या नव्हत्या म्हणून पोरांनी बोळकांडीतून शाळेतल्या खुर्च्या आणल्या, छोट्या, रंगीत, आणि ते धिप्पाड मच्छीमार गुडघे हनुवटीला लावून त्यांवर बसले. कुणीतरी किटली ठेवली, मला न विचारता. मर्डोंनी स्तोत्राची एक ओळ लावली, तिकडं एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून उचलायची, ती लाटेसारखी येते, आधी एक, मग सगळ्या खोलीची. ते थांबल्यावर माझ्याकडे बघू लागले. मी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एकटीच, आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता पण प्रत्येक ओळीनंतर ते थांबायचे, वाट बघायचे. घर भरलं होतं. जमिनीवरसुद्धा माणसं होती.

दहन करायचं तर बोटीनं पलीकडे, मुख्य भूमीवर न्यावं लागतं. सकाळी पुरुषांनी आळीपाळीनं खांदा देत त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत नेलं. त्यांच्यात बायका मागं घरी थांबतात. मी निघाले तर कुणी अडवलं नाही, आणि केटी ॲन माझ्या शेजारी चालू लागल्या, एप्रनवर कोट घालून.

आता काही वर्षं झाली. मी तिथंच आहे, त्याच घरात. मुलं कमी झालीत, शाळा किती दिवस राहील कुणास ठाऊक. केटी ॲन निवृत्त झाल्यात पण रोज येतात, पुढच्या दारानं नाही, बोळकांडीतूनच, आणि मिलिंदच्या खुर्चीवर बसून माझ्या पोह्यांत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. ऑगस्टमध्ये नवीन शिक्षक येतात तेव्हा आता मलाही बोलायला बोलावतात. मी त्यांना जमीनदार सांगते, मेंढ्या सांगते, कपडे वाळत घालू नका सांगते. आणि मग म्हणते, तुमच्या दाराशी कुणी थांबलेलं दिसलं तर लगेच त्याचा अर्थ लावू नका. तुम्ही आपला उंबरा घेऊन आलाय, त्यांच्यापाशी त्यांचा आहे. विचारा.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही, तुम्हाला सांगते. हिवाळ्यात दिवस मावळला की बोळकांडीत अजून श्वास येतो. आता तो लहान माणसाचा नसतो. जरा धाप लागलेला असतो, स्क्रू काढताना मध्येच थांबल्यासारखा. मी भूतबित मानत नाही, माझे बाबा मानत नव्हते, तोही मानत नव्हता. मी हातातलं काम ठेवते, चहाचं आधण वाढवते, आणि बोळकांडीकडे तोंड करून मराठीत म्हणते, या, आत या.

उंबऱ्यावर कुणाला उभं ठेवायचं नाही. तुमच्याही घरात माणसं येत राहोत.